दोन जावा आणि एक चाकू

रत्नागिरीहून काळबादेवी गाव मागे टाकून आरे-वाऱ्याकडे निघालं की डाव्या हाताला समुद्र लागतो आणि उजव्या हाताला, वळणाच्या थोडं अलीकडे, सुक्या मासळीची एक पत्र्याची शेड दिसते. सोडे, जवळा, सुके बोंबील, खारे बांगडे. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. शेड राजश्री आणि तिची धाकटी जाऊ रुचिरा अशा दोघींची.

सुरुवात राजश्रीने एकटीनेच केली होती. माहेर जयगडचं, त्यामुळे मासळी सुकवणं तिच्या हातातलंच. सासू पाटी घेऊन दारोदार फिरायची. राजश्रीने ते बंद केलं आणि रस्त्याकडेला एक टेबल मांडलं. टेबलाचं छप्पर झालं, छपराची शेड झाली. नवरा संदेश ट्रॉलरवर खलाशी. समुद्रावरून आला की जेवायचा, झोपायचा, पुन्हा जायचा. माणूस वाईट नव्हता, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. पण बायकोकडे मान वर करून बघण्याचीही त्याला फारशी गरज पडली नव्हती.

रुचिरा देवरूखकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुकट आणि जवळ्यातला फरकही सांगावा लागला. पण ती पटापट शिकली. सोडे पाकिटात बंद करायचे, वर लेबल चिकटवायचं, म्हणजे मुंबईवाल्यांच्या गाडीत वास सुटत नाही, ही तिची कल्पना. विक्री वाढली. राजश्रीला तेव्हा कौतुकच वाटलं. धंदा वाढला तो दोघींचा, त्यात जळण्यासारखं काय?

जळायला सुरुवात झाली ती चाकूवरून.

रुचिराचा नवरा रूपेश, म्हणजे राजश्रीचा धाकटा दीर, जहाजावर नोकरीला. सुट्टीवर आला की पडवीत बॅग उघडायचा आणि सगळे भोवती बसायचे. त्या खेपेला दादाला टी-शर्ट निघाला, पुतणी वैष्णवीला गाणी ऐकायला कानात घालायचं यंत्र निघालं. राजश्रीला शॅम्पूची मोठी बाटली निघाली.

"वयनी, ही तुम्हाला. एकदम भारी कंपनी हाय."

मग त्याने खिशात हात घातला आणि रुचिरापुढे एक चाकू धरला. घडीचा, लाल मुठीचा. नखाने ओढलं की पातं बाहेर येई, आणखी ओढलं की छोटी कात्री, त्यामागे डबा उघडायचं काहीतरी.

"हिला फोनवर बघतो ना मी," रूपेश म्हणाला, "दिवसभर गोण्या फोडते, टेप कापते. आणि हातात काय, तर ते करवतीचं मोडकं पातं! म्हटलं हात कापून घेईल एखादे दिवशी."

करवतीचं मोडकं पातं राजश्रीचं होतं. संदेशने कधीतरी टाकून दिलेल्या करवतीचा तुकडा. तिने तो दगडावर घासला होता, एका टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळली होती, आणि इतकी वर्षं तोच वापरला होता. तिचा हात त्याने दोनदा कापलाही होता. पहिल्या खेपेला तर संदेश समोरच बसला होता. त्याने हळद आणून दिली होती.

राजश्री शॅम्पूची बाटली मांडीवर घेऊन बसून राहिली. दीर आपल्या बायकोला काय आणतो हे बघणारी ती बाई नव्हती. याआधी त्याने रुचिराला साड्या आणल्या, घड्याळ आणलं, तिला काही वाटलं नाही. पण हा माणूस समुद्रापलीकडून फोनच्या एवढ्याशा काचेतून बघतो आणि त्याला बायकोचा हात दिसतो. त्याच काचेत मागे आपणही असतो की.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ती संदेशला म्हणाली, "मलाही तसला चाकू पायजे."

"घरात सुऱ्या हायत की तीन-चार."

"त्या घरातल्या."

"मग त्यातली एक ने दुकानात," संदेश म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

शेडमध्ये दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं. गोणी फोडायची असो, सुतळी कापायची असो, की सरबतासाठी लिंबू चिरायचं असो, "रुचिरा, जरा चाकू दे गो," असंच सगळे म्हणायचे. शेजारी शहाळी विकणारा केरू म्हणायचा, बर्फवाला म्हणायचा, गिऱ्हाइकंसुद्धा मागून घ्यायची आणि उलटसुलट करून बघायची. "कुठून घेतलात?" "मिस्टरांनी आणला," रुचिरा सांगायची. दरवेळी थोडीशी लाजायची. राजश्री बोंबील मोजता मोजता चुकायची.

आपण मात्र मागायचा नाही, हे तिने ठरवून टाकलं. करवतीचं पातंही तिने शेडच्या मागे भिरकावून दिलं, कारण आता ते हातात धरायची लाज वाटायला लागली होती. मग सुतळी कशी तोडायची? दातांनी. रुचिरा म्हणायची, "ताई, हा घ्या ना." राजश्री म्हणायची, "राहू दे, झालं." एकदा नायलॉनचा दोरा तोडताना पुढच्या दाताचा टवका उडाला. रुचिरा धावत आली. राजश्री तोंडावर पदर धरून म्हणाली, "काय नाय झालं गो. जा तू, गिऱ्हाईक बघ."

अंगारकीला ती गणपतीपुळ्याला गेली, दर्शन घेतलं आणि परतताना एका खेळण्यांच्या गाळ्यावर चाकू बघितला. मुठीवर गरुड कोरलेला, पातं आरशासारखं चकाकणारं. किंमत ऐकून तिला बरंच वाटलं आणि तिने घेऊन टाकला. दुकानात सगळ्यांसमोर उघडला. केरूने हातात घेऊन पातं डावी-उजवीकडे हलवलं. ते हललं.

"वयनी, बिजागरी ढिली हाय याची."

"चालतं मला."

पण चाललं नाही. पात्याला आधीच धार कमी, गोणीच्या तागावर तर ते नुसतं सरकायचं. आठवडा झाला नाही तोच खाऱ्या हवेने त्याच्यावर तांबडे ठिपके धरले. आणि एकदा जोर देऊन दाबलं, तर पातं मागे वळून बोटावरच मिटलं. लागलं थोडंच. पण रुचिराने तिचं बोट धुतलं, पट्टी लावली आणि हळूच आपला लाल चाकू तिच्या समोर ठेवला.

"ताई, आजपासून हा दोघींचा. तुमच्याकडेच ठेवा हवा तर."

तिच्या मनात काही नव्हतं. पण राजश्रीला वाटलं, ही आता दान करायला लागली. तिने चाकू बोटाने परत सरकवला. गरुडाचा चाकू घरी नेऊन कपाटावर टाकला.

रूपेशची सुट्टी संपली. तो गेल्यावर एका दुपारी ते झालं.

अलोऱ्याकडचा एक व्यापारी टेम्पो घेऊन यायचा आणि जवळ्याच्या गोण्या उचलायचा. त्या दिवशी गोण्या भरून झाल्या होत्या, तोंडं शिवायची राहिली होती. रुचिरा एका गोणीवर वाकून आतल्या प्लास्टिकचा वाढीव भाग चाकूने कापत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. जहाजावरून कधी फोन येईल आणि कधी तुटेल याचा नेम नसायचा. तिने घाईने चाकू मिटला, कमरेला खोचल्यासारखा केला आणि फोन घेऊन रस्त्याकडे धावली. चाकू कमरेला राहिलाच नव्हता. तो गोणीच्या काठावरून आत घसरला आणि जवळ्यात मावळत गेला. लाल मूठ क्षणभर वर दिसली, मग तीही गेली.

राजश्रीने ते पाहिलं. ती हाताच्या अंतरावर होती. हात घातला असता तर मिळाला असता.

तिने दाभण उचलला. सुतळी ओवली. रुचिरा रस्त्यावर उन्हात उभी राहून हसत बोलत होती, "जेवलात का? काय होतं?" असं काहीबाही. राजश्रीने गोणीचं तोंड मुरडलं आणि शिवायला घेतलं. टाके एकमेकांना चिकटून घातले, नेहमीपेक्षा घट्ट. टेम्पो आला. गोण्या चढल्या. गेल्या.

संध्याकाळी रुचिराने शेड पालथी घातली. टेबलाखाली, पाकिटांच्या खोक्यात, पेटीत, पायरीजवळच्या वाळूत. "ताई, तुम्ही बघितलात का कुठे?"

"नाय गो," राजश्री म्हणाली. "सकाळी होता बघ तुझ्या हातात."

रुचिरा खाली बसली आणि रडायला लागली. राजश्रीने तिला पाणी दिलं. आपल्याला वाईट वाटायला हवं हे तिला कळत होतं, आणि थोडं वाटतही होतं. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी गार, हलकं पसरलं होतं. बऱ्याच दिवसांनी तिला त्या रात्री गाढ झोप लागली.

आता शेडमध्ये कामापुरतंही पातं उरलं नाही. दोन दिवस स्वयंपाकघरातली सुरी आणून काम भागवलं, पण ती उघडी सुरी टेबलावर पडलेली, गिऱ्हाइकांची पोरं तिच्याकडे हात करायची. रुचिराच म्हणाली, "दुकानासाठी एक घडीचा घेऊया, ताई. स्वस्तातला पण टिकेल असा."

"मी आणते," राजश्री लगेच म्हणाली.

या वेळी मात्र तिने घाई केली नाही. वैष्णवीकडून फोनवर चाकूंचे व्हिडिओ लावून घेतले आणि दुपारी, रुचिरा जेवायला घरी गेली की, बघत बसायची. बोलणारा माणूस हिंदीत बोलायचा, मध्येमध्ये तिला न कळणारी नावं घ्यायचा. ती नावं तिने सोडून दिली. पण पातं उघडल्यावर आतून एक पट्टी सरकून त्याला अडवते आणि मग ते बोटावर मिटत नाही, हे तिने पाच-सहा वेळा मागे नेऊन बघितलं.

मग ती रत्नागिरीच्या बाजारात गेली. गोखले नाक्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरली आणि सगळे घडीचे चाकू दाखवायला सांगितले. दुकानदाराने आधी काढला तो बारा हत्यारांचा.

"एवढ्या हत्यारांचं मी काय करू?" राजश्री म्हणाली. "सगळ्या फटीत मीठ जाऊन बसेल. काढायचं कसं?"

हे बोलताना रुचिराचा लाल चाकू तिच्या डोळ्यांसमोर आला. त्याच्याही फटीत जवळ्याची कुसं अडकायची, रुचिरा टाचणीने काढत बसायची. तो चाकू आपल्या कामाचा नव्हताच, असं आत्ता तिच्या लक्षात आलं आणि तिला विलक्षण आनंद झाला.

तिने एकेक चाकू उघडला. पातं धरून आडवं हलवून बघितलं. जरा हललं तर बाजूला. उलटा धरून पात्याची पाठ काउंटरवर दाबली. लॉक सुटलं तर बाजूला. एकाची मूठ गुळगुळीत होती, तिने बाटलीतलं पाणी हातावर घेतलं आणि पुन्हा धरून बघितला. सटकला, तोही बाजूला. काचेमागे एक परदेशी होता, तोही मागून बघितला. किंमत ऐकली आणि मुकाट्याने परत दिला.

दुकानदार वैतागून हसला. "बाई, चाकू बघताय की जावई?"

"नवरा बघायला मला कोणी दिला नव्हता," राजश्री म्हणाली. "चाकू तरी बघू दे."

शेवटी दोन उरले. तिने पिशवीतून गोणपाटाचा तुकडा आणि नायलॉनची दोरी काढली. दुकानदाराने कपाळाला हात लावला, पण कापू दिलं. एकाने दोरी कापताना धागे ओढले. दुसऱ्याने एका ओढीत कापली. काळी खडबडीत मूठ, चार बोटांएवढं साधं पातं, बाजूला अंगठ्याने उघडायची घुंडी, मागे दोरी ओवायला भोक. किंमत मधली.

"गंज नाय ना धरणार?"

"तुमच्या खाऱ्या हवेत कशाला धरत नाय?" दुकानदार म्हणाला. "रोज धुवा, पुसा, बिजागरीला थेंबभर तेल सोडा. बरीच वर्षं जाईल."

पैसे तिने दुकानाच्या गल्ल्यातून आणले होते. काउंटरवर ठेवताना मात्र हात थांबला. ते तिने परत पिशवीत टाकले आणि स्वतःच्या पाकिटातून दिले. दुकानाचा चाकू नको होता तिला. स्वतःचा हवा होता.

पुढचे काही दिवस राजश्रीचे होते. काळ्या चाकूला तिने निळी दोरी बांधली. "राजश्री वयनी, चाकू द्या जरा," केरू म्हणायला लागला. ती अंगठ्याने पातं उघडायची, टक् असा आवाज व्हायचा. रुचिराने पहिल्यांदा तो हातात घेतला, गोणी कापली आणि म्हणाली, "किती छान चालतो हो, ताई." तिची नजर चाकूवर जरा जास्त वेळ राहिली. त्या नजरेची ओळख राजश्रीला लगेच पटली. त्यानंतर रुचिराने चाकू मागितला की राजश्रीला पहिल्यांदा ऐकूच यायचं नाही. दुसऱ्यांदा मागावा लागायचा.

एकदा शेडमध्येच रूपेशचा व्हिडिओ कॉल आला. चाकू हरवल्याचं रुचिराने त्याला इतके दिवस सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. "एक वस्तू सांभाळता येत नाय तुला?" तो म्हणाला. चिडून नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. रुचिराचा चेहरा उतरला. राजश्री पाठ करून बांगड्यांना मीठ लावत राहिली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा समोर रुचिराच होती, आणि दोन्ही वेळा राजश्री वैष्णवीचा अभ्यास, पाऊस कधी येईल, असलं काहीतरी बोलली.

आणि मग, महिनाभराने असेल, रुचिरा सकाळी हसतच शेडमध्ये आली.

"ताई, ऐकलंत का? हे म्हणाले, नवीन घेऊन ठेवलाय. पहिल्यापेक्षा मोठा. आता हरवलास तर बघ म्हणाले."

राजश्रीच्या हातात तेव्हा तिचाच चाकू होता. तो एकदम हलका, पत्र्याचा वाटायला लागला. एवढं शोधून, एवढं पारखून आणलेला. आणि हिला मात्र घरबसल्या, न मागता, दुसऱ्यांदा.

"आणू दे," ती फणकारली. "तोही जाईल जवळ्यात!"

बोलून झाल्यावर तिला कळलं. रुचिराला कळायला थोडा वेळ लागला.

"जवळ्यात?" ती म्हणाली. "कुठल्या जवळ्यात, ताई?"

राजश्रीने हातातला चाकू मिटला.

"त्या दिवशी टेम्पोत गेला त्या? तुम्ही बघितलंत पडताना?"

"बघितलं."

"आणि गोणी शिवलीत."

"शिवली."

केरू शहाळं सोलता सोलता थांबला होता. रुचिराने त्याच्याकडे बघितलं, मग राजश्रीकडे. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मागितला असतात तर दिला असता मी. समोर ठेवला होता तुमच्या."

"मागायचा नव्हता मला," राजश्रीचा आवाज फाटला. "मला कोणीतरी आणून द्यायला पायजे होता. तुला आणला तसा. न सांगता."

"मग ते दादांना सांगायचं होतं," रुचिरा म्हणाली. "माझ्या चाकूने तुमचं काय घोडं मारलं होतं?"



रुचिराने व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, तो जवळा केव्हाच किरकोळीत गेला, कोणाला काही मिळालं असलं तरी कोण सांगणार? चाकू मिळाला नाही तो नाहीच. रुचिराने आपलं टेबल शेडच्या दुसऱ्या टोकाला ओढलं. कामापुरतं बोलायची, "सोड्याचं पाकीट," "सुट्टे द्या," एवढंच. घरी संदेशच्या कानावर गेलं. तो जेवताना म्हणाला, "एवढंसं होतं तर मला सांगायचं."

"सांगितलं होतं," राजश्री म्हणाली. "चहा पीत होतात तुम्ही."

संदेशने घास हातातच धरला. आठवायचा प्रयत्न केला असावा. मग खाली मान घालून जेवला, आणि उठताना पहिल्यांदाच आपलं ताट स्वतः मोरीवर नेऊन ठेवलं. याहून जास्त त्याच्याने झालं नाही.

गणपती आले, गेले. सणात दोघी एकाच चुलीपाशी मोदक वळत बसल्या आणि तेव्हाही फारसं बोलल्या नाहीत. विसर्जनानंतर एका सकाळी रुचिरा शेडमध्ये आली, पिशवी खांद्यालाच ठेवली आणि म्हणाली, "ताई, चला बाजारात. मला चाकू घ्यायचाय. पैसे तुम्ही द्यायचे."

"रूपेश आणतोय ना?"

"ते आणतील तेव्हा आणतील. तुम्ही घालवलात तो तुम्ही द्यायचा."

केरूवर दुकान सोपवून दोघी बसने रत्नागिरीत गेल्या. त्याच दुकानात. दुकानदाराने राजश्रीला बघितलं आणि न सांगता दोरीचं भेंडोळं काउंटरवर ठेवलं. राजश्रीने आपल्या चाकूसारखाच काळा उचलला आणि रुचिरापुढे धरला. "हाच घे. बघितलेला हाय मी. लॉक पक्कं हाय."

"बघू दे मला," रुचिरा म्हणाली.

आणि ती बघत बसली. राजश्री सांगत होती, हे हलवून बघ, इथे दाब, मूठ ओल्या हाताने धर. रुचिरा सगळं ऐकत होती आणि काळ्याला हात लावत नव्हती. शेवटी तिने दुकानदाराला विचारलं, "यापेक्षा हलका नाही? माझा हात लहान आहे." त्याने आतून एक खोकं आणलं, नुकताच आलेला माल. त्यातला तिने काढला तो हिरव्या मुठीचा, बारीक, पाठीला चिमटा असलेला, पदराला अडकवता येईल असा. लॉक होतं. हलवून बघितलं, हललं नाही. दोरी कापली, एका ओढीत. किंमत राजश्रीच्या चाकूपेक्षा थोडी कमीच.

"हा द्या," रुचिरा म्हणाली.

राजश्रीने पैसे दिले. चाकू एकदा हातात घेऊन बघितला. अंगठा सहज बसत होता. वजन असं नव्हतंच. चिमट्याचं तर तिला सुचलंच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये रुचिराने बाजारातून घेतलेला पेरू काढला, नवा चाकू उघडला आणि मांडीवरच फोडी केल्या. अर्ध्या राजश्रीच्या हातावर ठेवल्या. कित्येक दिवसांनी ती आपणहून बोलली.

"ताई, तुमचा मोठा आहे, गोणीला बरा. माझा पाकिटांना."

"व्हय," राजश्री म्हणाली. पेरू गोड होता. बस साखरतरच्या पुलावर आली. रुचिराने पातं पुसलं, मिटलं आणि चाकू पदराला अडकवला. राजश्री खिडकीबाहेर खाडी बघत बसली, पण मधूनमधून तिची नजर त्या हिरव्या मुठीकडे जातच होती.